राजहऱ्याच्या उतारावरचा सायकलवाला

मामाजी, तेरवीचे पाहुणे परवा गेले आणि काल सकाळी मी कम्प्युटर लावला. आत्याबाई सासूच्या आवाजात म्हणाल्या, आता लगेच? मी म्हटलं, एक लेवल अडून राहिली आहे. कोणती ते त्यांनी विचारलं नाही. गेले चार महिने या घरात एकच लेवल अडलेली आहे हे त्यांना माहीत आहे. राजहऱ्याहून लोखंडाचा दगड भरून खाली येणारी मालगाडी, वळणापलीकडे रुळात सायकल अडकलेला एक माणूस, आणि तो वाचावा की नाही यावरून सासरा-सुनेचं अर्धं राहिलेलं भांडण. गेम या महिन्याअखेर लोकांना खेळायला द्यायचा आहे. म्हणजे निकाल आता मी एकटीने लावायचा. तुमचा असा राग आला आहे म्हणून सांगू. भांडण असं मधेच टाकून कोणी जातं का?

तेरा दिवस लोक येऊन तुमच्याबद्दल बोलले. नोकरी किती वर्षांची, गाड्या कोणत्या कोणत्या चालवल्या, एकदा पुरात गाडी कशी आणली. सगळं खरं असेल. पण एक गोष्ट त्यांच्यापैकी कोणाला माहीत नाही, आणि मला ती सांगायला लाज वाटत होती म्हणून मीही गप्प बसले. फोनवर मेसेज कसा पाठवायचा हे ज्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, त्या माणसाने मला माझा धंदा शिकवला. मी कॉलेजात शिकले, कामं केली, लोकांना शिकवायलाही गेले, आणि गेममध्ये जीव कुठून येतो हे मला भिलाई-३ च्या आपल्या अंगणात कळलं.

तुम्ही रिटायर होऊन घरी बसलात तेव्हा माझ्या गेमचं काही खरं नव्हतं. या घरात सून होऊन आले तर जेवताना गाडी, चहाला गाडी, लग्नाच्या बैठकीतही गाडी. म्हटलं, चला, मालगाडी चालवायचाच गेम करू. पहिल्यांदा केला तो इतका कठीण की विचारू नका. सहा हँडल, भराभर येणारे सिग्नल, वरून घड्याळ टिकटिक करतंय. लोक पाच मिनिटांत सोडून जायचे. मग सोपा केला, तर जांभया द्यायचे. नेहा, माझी भागीदार, रायपूरला बसून चित्रं काढते. ती फोनवर म्हणायची, यार, थोडा और टफ कर. आठ दिवसांनी म्हणायची, यार, थोडा इझी कर. दीड वर्ष आमचं हेच चाललं होतं, भाजीत मीठ जास्त झालं, पाणी घाल, पाणी जास्त झालं, मीठ घाल. जितकं कठीण तितकं माणसाचं काळीज धडधडणार, असं मी धरून चालले होते. त्यात काही चूक असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

तुम्ही दिवाणावर बसून हे सगळं पाहत होतात. एक दिवस म्हणालात, दे इकडे, पाहू.

आणि मग तुम्ही प्रत्येक सिग्नलच्या आधी गाडी थांबवायला लागलात. सिग्नल हिरवा, समोर रूळ मोकळा, आणि तुमची गाडी उभी. मला वाटलं, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे, दिसत नसेल. तुम्हाला न सांगता दुसऱ्या दिवशी सिग्नल मोठे केले. तुम्ही थांबलातच. तुमचा उजवा हात कापायला लागला होता, म्हटलं हँडल सापडत नसतील, सहाची दोन केली. तरी थांबलातच. गाडीचा वेग निम्मा केला. चौथ्या दिवशी तो गेम इतका सोपा झाला होता की आपली मनीसुद्धा टेबलावर चढून राजहऱ्याहून भिलाईला पोचली असती. तुम्ही मात्र दर सिग्नलला हात वर करून "हरा" म्हणायचात, थांबायचात, आणि माझ्याकडे रागाने पाहायचात. मला त्यात सवयीपलीकडे काही दिसलं नाही. बिचारे, अजून नोकरीतच आहेत असं वाटतं त्यांना, असं मी प्रशांतला म्हणाले. बायकोने बापाला बिचारे म्हटलेलं त्याला आवडलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही परत ओरडलात, हरा. स्वयंपाकघरात आत्याबाई कणीक मळत होत्या. चार दिवस हे ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं. तिथूनच त्या म्हणाल्या, "हो हो, हरा, हरा. आता चालवा एकदाची."

आणि तुम्ही गाडी सोडली.

मी तुमच्याकडे पाहत राहिले. पुढचा सिग्नल आला, दोन पिवळे दिवे, म्हणजे जपून पुढे. तुम्ही म्हणालात, डबल पीला. आतून आत्याबाई वैतागून म्हणाल्या, डबल पीला. गाडी निघाली. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ड्रायव्हर सिग्नल मोठ्याने बोलतो, शेजारचा असिस्टंट आपल्या डोळ्यांनी तो पाहतो आणि परत बोलतो, आणि तोपर्यंत ड्रायव्हरच्या लेखी तो सिग्नल पक्का झालेला नसतो. सगळी हयात तुम्ही जवाब आल्याशिवाय पुढे गेला नव्हता. माझ्या इंजिनात दुसरा माणूसच नव्हता, म्हणून तुम्ही थांबत होता. मी चार दिवस तुम्हाला म्हातारे समजून गेम सोपा करत बसले होते. तुम्ही म्हणालात, "तुह्या गाडीत दुसरा माणूसच नाही. अशी गाडी मी यार्डातून बाहेर काढली नसती." मी हसले, मग आत जाऊन पाणी प्यायले, कारण मला फार लाज वाटली होती. आता विचार करते तर त्याच दिवसापासून मी तुम्हाला घाबरायलाही लागले, चांगल्या अर्थाने.

मग आपण गेममध्ये असिस्टंट घातला. आवाज प्रशांतचा. तुम्ही ऐकून म्हणालात, झोपेत आहे काय हा, असा असिस्टंट मी दुर्गलाच उतरवून दिला असता. त्याने परत दिला, परत, परत. एका जवाबाच्या आधी माझ्याकडून थोडी शांतता कापायची राहून गेली. तुम्ही खेळताना म्हणालात, हरा. जवाब आला नाही. तुमचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळला. दोन-तीन सेकंदांनी प्रशांत म्हणाला, हरा. तुम्ही श्वास सोडला. मी म्हटलं, सॉरी मामाजी, चूक राहिली, कापते. तुम्ही माझा हात धरलात, कधी धरत नव्हता.

"कापू नको. जवाब येईपर्यंत पोटात जे होते ना, तेच तर आहे सगळं. बाकी काय, हँडल आहे."

सिग्नल मोठा नव्हता, वेग जास्त नव्हता, एकही नवीन हँडल नव्हतं. काहीही कठीण झालं नव्हतं. फक्त एक माणूस बोलायला उशीर करत होता. नेहाला पाठवलं तर तिचा फोन आला, ये क्या कर दिया तूने, मेरे तो हाथ ठंडे पड़ गए. मी म्हटलं, मी काही केलं नाही, मामाजींनी केलं. दीड वर्षाची माझी मीठ-पाण्याची हुशारी एका फटक्यात गुंडाळून ठेवायची वेळ आली होती, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मला तुमच्यापुढे बसून राहावंसं वाटत होतं.

ब्रेकवरून तुम्ही मला किती बोललात. माझ्या गेममध्ये ब्रेक लावला की गाडी थांबायची. तुम्ही म्हणालात, असं स्कूटीत होते. मी म्हटलं, मामाजी, खेळणाऱ्याने बटण दाबलं की लगेच काहीतरी झालं पाहिजे, नाहीतर त्याला वाटतं गेम बिघडला. तुम्ही उठलात आणि मला अंगणात नेलं. झाडांना पाणी घालायचा तो लांब हिरवा पाइप. मला त्याचं टोक धरून पेरूच्या झाडाखाली उभं केलं आणि स्वतः नळापाशी गेलात. नळ बंद करून तिकडून विचारलंत, बंद झालं का? मी म्हटलं, नाही, येऊन राहिलं. थोड्या वेळाने परत विचारलंत. मी म्हटलं, थेंब येऊन राहिले. तुम्ही तिथूनच सांगितलंत की मालगाडीचा ब्रेक असाच लागतो, हवा इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत पोचावी लागते, मग चाकं पकडतात, मग एवढं वजन हळूहळू ऐकतं. आणि तेवढा वेळ ड्रायव्हरने काय करायचं असतं असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, काहीच नाही, पाहायचं. पाण्याने माझी चप्पल भिजली होती आणि मी तिथे पेरूखाली उभी राहून विचार करत होते की हा माणूस आयुष्यभर असा बसला आहे, सगळं करून झाल्यावर, हात मांडीवर ठेवून, समोर पाहत. आणि घरी येऊन आम्हाला विचारायचा, भाजी कोणती केली.

मी गेममध्ये तसंच केलं. ब्रेक मारला की हातात काही नाही. नेहा चिडली, इतका वेळ कंट्रोल काढून घेशील तर लोक शिव्या देतील. आपण तिच्या जुन्या कॉलेजच्या मुलींना बोलावून खेळायला दिलं, आठवतं? ती चष्मेवाली मुलगी ब्रेक मारून हळूहळू खुर्चीवरून उठली आणि गाडी थांबेपर्यंत उभीच राहिली. तुम्ही दाराशी चहाचा कप घेऊन पाहत होता. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही मान फिरवली. तेव्हाच मला विचारायला हवं होतं की तुम्हाला काय आठवलं. मी आनंदात होते, विचारलं नाही.

ते मी नंतर विचारलं, आणि ते असं विचारायचं नव्हतं. आपण दोघं मटार सोलत होतो. मी सहज म्हटलं, मामाजी, कधी असं झालं का, की ब्रेक मारला आणि गाडी वेळेत नाही थांबली? तुम्ही तीन-चार शेंगा सोलल्यात. मग सांगितलंत, खाली पाहून. उतार होता, वळण होतं, सिग्नल हिरवा होता. वळण संपलं आणि समोर माणूस. सायकल घेऊन रूळ ओलांडत होता, चाक अडकलं, ते काढत होता. सोडून पळाला असता तर वाचला असता, पण सायकल होती ना त्याची. तुम्ही ब्रेक मारलात, हॉर्न मारलात, आणि मग काहीच नाही, मग पाहायचं. चौकशी झाली, तुमची चूक नाही असं लिहून आलं. ते कागद आत्याबाईंच्या पेटीत अजून आहेत. पण तुमच्या मनात एकच राहिलं होतं, एक सेकंद आधी मारला असता तर. हे तुम्ही प्रशांतला कधी सांगितलं नव्हतं, त्याने मला शपथ घेऊन सांगितलं.

आणि मी काय केलं? मी त्याची लेवल केली. तुम्हाला विचारून केली हे खरं, पण तुम्ही दोन दिवस गप्प राहून हो म्हणालात. त्या ‘हो’चा अर्थ विचारत बसायला मला वेळ नव्हता. मला गेमचा शेवट सापडला होता, मी हवेत होते. तुमची एकच अट होती. घाल, पण तो वाचू नये.

मी म्हटलं, असं चालत नाही. आमच्या कामात नियम आहे, खेळणाऱ्याला कितीही कठीण द्या पण एक तरी वाट ठेवा. वाट नसताना झगडायला लावणं म्हणजे फसवणूक. हरणारच आहे हे ठरलेलं असेल तर तो जीव तोडून खेळणार कशाला? तुम्ही म्हणालात, मी नव्हतो का खेळलो. मी म्हटलं, अगदी बारीक फट ठेवू, हजारात एखाद्याला सापडेल, फार हुशार असेल त्याला. तुम्ही कप खाली ठेवलात.

"वाचवता येते असं तू दाखवशील, तर मंग मी कावून नाही वाचवला?"

यावर गप्प बसायला हवं होतं. माझी जीभ. मी म्हटलं, "मामाजी, हा गेम तुमच्याबद्दल नाही आहे."

तुम्ही कप उचलला, मोरीत नेऊन धुतला, पालथा ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलात. मी हे वाक्य गेल्या पंधरा दिवसांत किती वेळा परत ऐकलं असेल. आगाऊ बाई. ज्या गेममधला श्वास, जवाब, ब्रेक, सगळंच्या सगळं तुमचं होतं, तो तुमच्याबद्दल नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, ठीक आहे, नाही वाचणार तो. आणि हे खोटं होतं. मी फट ठेवली होती. वळणाच्या खूप आधी, सिग्नल हिरवा असताना, समोर काहीही दिसत नसताना, काही कारण नसताना कोणी पूर्ण ब्रेक मारला तर गाडी सायकलच्या जेमतेम अलीकडे थांबेल, असं मी करून ठेवलं. कोण कशाला तसं करेल, असं मी मनाला समजावलं. नियम पाळल्याचं समाधान मला, आणि अट पाळल्याचं समाधान तुम्हाला. आता हे लिहिताना माझंच तोंड पाहवत नाही.

गेम सगळं लिहून ठेवतो, मामाजी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, मुद्दाम नाही, सांगण्यासारखं वाटलंच नाही. कोण किती वाजता खेळलं, ब्रेक कुठे मारला, हॉर्न कधी. काल सकाळी ती फाइल उघडली ती गेमच्या कामासाठी उघडली, तुमच्यासाठी नाही. खेळणाऱ्याचं नाव विचारतात तिथे तुम्ही ड्रायवर असं लिहिलेलं. मला वाटलं, पाच-दहा वेळा खेळला असाल. मी खाली खाली जात राहिले. तुम्ही ती लेवल रोज खेळत होता. मी रायपूरला कामाला गेल्यावर, दुपारी, आत्याबाई पडलेल्या असताना. बाकीची एकही लेवल नाही, फक्त ही.

आधीचे सगळे खेळ मी एकाखाली एक मांडून पाहिले. माणूस दिसला आणि ब्रेक लागला, यांत जो वेळ जातो तो प्रत्येक वेळी जवळजवळ सारखा. तुमचा कापरा हात, ऑपरेशन झालेले डोळे. आमच्याकडे आजपर्यंत जितके लोक खेळले, ती चष्मेवाली, नेहाच्या कॉलेजची पोरं, प्रशांत, मी, यांतला एकही जण तुमच्या जवळपास नाही. यापेक्षा लवकर माणसाला करताच येत नाही, मामाजी. आणि हे तुमचं म्हातारपणातलं आहे. तेव्हा तुमचा हात कापत नव्हता. एक सेकंद कुठे होता तुमच्याकडे द्यायला? तो नव्हताच. हे सांगणारा कागद माझ्याकडे चार महिने पडून होता, मी फक्त उघडायचा होता आणि दिवाणावर तुमच्या शेजारी येऊन बसायचं होतं. मी काल तो आकडा पाहून टेबलावर डोकं ठेवून रडले. आत्याबाई आल्या, पाठीवर हात फिरवला.

पण फाइल तिथे संपत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात तुमचा ब्रेक मागे सरकायला लागला. आधी माणूस दिसण्याच्या थोडं आधी. दुसऱ्या दिवशी वळणाच्या मध्यावर. मग वळण सुरू होण्याआधी. रोज थोडं थोडं मागे, एकेक खांब मोजत गेल्यासारखं. हिरवा सिग्नल, मोकळा रूळ, काहीही कारण नाही, आणि तुम्ही पूर्ण ब्रेक मारत होता. आणि एका दुपारी गाडी थांबली. सायकलच्या एक डबाभर अलीकडे. तुम्हाला फट सापडली होती. त्याच्यापुढे फाइलमध्ये काहीच नाही. बटण नाही, हॉर्न नाही, ब्रेक सोडला नाही. पाऊण तास गाडी तिथे उभी आहे आणि मग गेम बंद.

मी आत्याबाईंना तो दिवस सांगितला, त्या दिवशी मी कुठे गेले होते ते सांगितलं, तेव्हा त्यांना आठवलं. त्या म्हणाल्या, चहाला बोलवायला आले होते मी, दोनदा आले. हे टेबलाशी बसून होते, हात मांडीवर. मला म्हणाले, "थांब जरा. त्याले जाऊ दे."

मी तो माणूस चालणारा केलाच नव्हता, मामाजी. वाचेल असं कधी वाटलंच नव्हतं, तर वाचल्यावर काय करेल ते कशाला कोण काढेल? नेहाने एक चित्र दिलं होतं, वाकलेला, चाकाला हात लावलेला, तेवढंच. तुम्ही पाऊण तास त्याची वाट पाहिलीत, त्याने सायकल काढावी आणि जावं म्हणून, आणि त्याला मी पायच दिले नव्हते.

त्या संध्याकाळी मी रायपूरहून आले. तुम्ही व्हरांड्यात होता. मी चप्पल काढत होते तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "पल्लवी, सगळ्या तऱ्हेनं करून पाहिलं मी. नाही वाचत तो. बरोबर केलं तू. तसंच ठेव."

मला हायसं वाटलं होतं. फट सापडली नाही, चोरी पकडली गेली नाही, म्हणून. मी म्हटलं, हो मामाजी, आणि आत गेले. तुम्ही मला उघडं पाडू शकला असता. खोटं बोललीस म्हणून एक शब्द बोलू शकला असता. सून आहे, तुमचा हक्क होता. त्याऐवजी तुम्ही खोटं बोललात, आणि माझी मान खाली जाणार नाही असं बोललात. आणि जो माणूस तुम्ही इतक्या वर्षांनी वाचवला, तो वाचवल्याचं या घरात कोणालाही सांगितलं नाही. मला हे समजत नाही, मामाजी. मी काल दिवसभर त्यावर विचार केला, एवढं मोठं मन कुठे ठेवता येतं माणसाला. मी त्याच्या आसपाससुद्धा नाही.

आज मी दोन कामं केली. द्यायच्या गेममधली फट बुजवली. वळणाआधी कोणी कितीही ब्रेक मारो, गाडी थांबवून बसो, रूळ रिकामाच दिसेल. सायकलवाला येईल तो गाडी वळणात शिरल्यावरच, तुमच्या वेळी आला तसा. आणि ती लेवल झाल्यावर तुम्ही हरलात असं जे मोठ्या अक्षरांत यायचं ते काढून टाकलं, पुन्हा खेळा हेही काढलं. तिथे आता काहीही लिहून येत नाही. नेहाला वाटतं लोक नाराज होतील. होऊ देत. तुमचंच बरोबर होतं, भांडण तुम्ही जिंकलं आहे.

दुसरं काम फक्त घरातल्या या कम्प्युटरवर केलं, त्या जुन्या गेममध्ये, जिथे फट अजून आहे. नेहाला काल फोन करून म्हटलं, मला तोच माणूस दहा-बारा चित्रांत पाहिजे, कशासाठी ते नंतर सांगते. तिने आज दुपारी पाठवली. मी आत्याबाईंना बोलावून खुर्ची दिली. गाडी काढली, हिरव्या सिग्नलवर, मोकळ्या रुळावर, तुम्ही मारला होता तिथेच ब्रेक मारला, आणि आम्ही दोघी हात मांडीवर ठेवून बसलो. गाडी थांबली. त्याने वर पाहिलं. चाकाला दोनदा झटका दिला, सायकल सोडवली, खांद्यावर घेतली, दुसरा रूळ ओलांडला आणि पलीकडच्या उताराने खाली उतरत गेला. दिसेनासा झाला तरी आत्याबाई पाहत होत्या.

तो गेला, मामाजी. नीट गेला.